वाचनाची अडचण घराण्यात असेल तर

मधुमेह किंवा दमा घराण्यात आहे का, असे डॉक्टर विचारतात आणि आपण मोकळेपणाने उत्तर देतो. वाचनाच्या अडचणीविषयी मात्र कुटुंबात मौन पाळले जाते. ‘काकांचे डोके शाळेत चालले नाही’ एवढेच काय ते मुलांच्या कानी पडते. मागच्या पिढीतील पुष्कळांनी गरिबीमुळे वा वाडीतील कामामुळे शाळा सोडली हे खरे. परंतु वर्षानुवर्षे शाळेत जाऊनही ज्यांना वाचन जमले नाही, त्यांची गोष्ट वेगळी असू शकते. आणि घरातील लहान मुलांच्या दृष्टीने ती फार मोलाची माहिती आहे.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, दृष्टीही चांगली होती, पण त्याला वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण तोंडी असते तर तो शाळेत सर्वात पुढे गेला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. पुढे १९०७ साली ग्लासगोच्या जेम्स हिन्शेलवूड यांनी एकाच घरातील चार भावांमध्ये हाच दोष नोंदवला. तो कुटुंबात उतरतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास मुलांत आढळण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत साधारणपणे ३० ते ५० टक्के दिसते. म्हणजे अशा घरांतील अनेक मुले व्यवस्थित वाचू लागतात. वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे.

फिनलंडमधील युवास्कुला येथे १९९० च्या दशकात सुमारे दोनशे बालकांचा जन्मापासून अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्म्या बालकांच्या घराण्यात वाचनाची अडचण होती. शाळेत जाण्यापूर्वी ज्यांना अक्षरांची नावे सावकाश आत्मसात होत होती, त्यांना पुढे वाचन जड जाण्याचा संभव अधिक होता. उशिरा बोलू लागणे, शब्दांतील आवाज ओळखता न येणे, ओळखीच्या वस्तूचे नाव चटकन न आठवणे, ही आणखी काही चिन्हे. अक्षर उलटे काढणे हे मात्र सर्वच लहान मुले करतात. त्याचे निष्कारण भय बाळगू नये.

फिनिश भाषेप्रमाणेच मराठीतही बहुधा जसे लिहिले तसे वाचले जाते. त्यामुळे आपल्याकडे दोष चुकांपेक्षा संथ, अडखळत्या वाचनात अधिक दिसतो आणि जोडाक्षरे आली की उघड होतो. आपल्या घरांत तो आणखी एका कारणाने झाकला जातो. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ पासून संपूर्ण रोझरीपर्यंत मूल ऐकून ऐकून पाठ म्हणते आणि आपण कौतुक करतो. प्रार्थनेच्या पुस्तकातील अनोळखी ओळीवर बोट ठेवून ती वाचायला सांगितली तरच खरी स्थिती कळते. पहिल्या कम्युनियनच्या तयारीत धर्मशिक्षकांनी याकडे लक्ष द्यावे. चारचौघांत वाचायला लावून मुलाला लज्जित करणे मात्र टाळावे.

पक्के निदान सहसा सात-आठ वर्षांच्या वयानंतरच होते. तोवर थांबून राहणे हीच मोठी हानी आहे, कारण मूल मागे पडते आणि ‘आळशी’ हे बिरूद त्याला चिकटते. चौथ्या-पाचव्या वर्षापासून घरी आवाजांचे खेळ घ्यावेत. माड, मासा, मावशी यांत सारखे काय? ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरले? रोज दहा मिनिटे पुरेत. एक अक्षर पक्के झाल्यावरच पुढचे घ्यावे. कान आणि डोळेही तपासून घ्यावेत.

ज्या वडिलांना स्वतःलाच वाचताना संकोच वाटतो, त्यांनी पुस्तकाचे चित्र दाखवून गोष्ट तोंडी सांगावी. आजीच्या गोष्टींनीही मुलाचा शब्दसंग्रह वाढतो, आणि पुढे वाचलेले समजण्यास तोच उपयोगी पडतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर शालान्त परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात. परंतु पहिली मदत त्याआधीच्या वर्षांत हवी. त्यासाठी बालवर्गात प्रवेश घेतानाच शिक्षिकेला सांगावे: आमच्या घरी वडिलांना, किंवा मामांना, वाचन फार जड गेले होते, मुलाकडे जरा लक्ष असू द्या.