छायाकृतीतील संदिग्धता : एका बोधचिन्हाचा विचार

संदिग्धता हा दोष मानावा की गुण, हा प्रश्न साहित्यशास्त्राला नवा नाही. मम्मटाने ‘संदिग्ध’ हा दोषांत गणला, श्लेषाला मात्र अलंकारांत स्थान दिले. दृश्यकलेत ह्या दोहोंत न बसणारा तिसरा एक प्रकार संभवतो. अमेरिकेतील ‘मेजर लीग बेसबॉल’ ह्या संघटनेचे बोधचिन्ह हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

जेरी डिओर ह्या आरेखकाने १९६८ साली ते तयार केले आणि व्यावसायिक बेसबॉलच्या शताब्दीनिमित्त १९६९ च्या हंगामापासून ते प्रचारात आले. निळ्या व तांबड्या रंगांच्या मधोमध कोरी राखलेली पांढरी जागा हीच फलंदाजाची आकृती. तिचे मुख उजवीकडे आहे. पण हा फलंदाज उजवा की डावखुरा? क्रिकेटप्रमाणेच बेसबॉलमध्येही उजवा फलंदाज डावा खांदा गोलंदाजाच्या दिशेस ठेवून उभा राहतो. येथे गोलंदाज उजवीकडे कल्पावयाचा. तेव्हा फलंदाज उजवा असल्यास त्याची छाती आपल्याकडे येते, डावखुरा असल्यास पाठ. छाती व पाठ ह्यांतील भेद सांगणाऱ्या आतल्या रेषाच आरेखकाने गाळल्या आहेत, आणि उरलेली बाह्यरेषा दोन्ही अर्थ सारख्याच निमूटपणे सोसते.

एडगर रूबिन ह्या डॅनिश मानसशास्त्रज्ञाच्या सुप्रसिद्ध चित्रात (१९१५) फुलपात्र आणि दोन मुखे आलटून पालटून दिसतात; तेथे आकृती कोणती व पृष्ठभूमी कोणती ह्याचाच वाद असतो. प्रस्तुत चिन्हात तो वाद नाही. येथे संशय आहे तो खोलीविषयी, म्हणजे कोणते अंग पुढे व कोणते मागे ह्याविषयी. नोबुयुकी कायाहारा ह्यांच्या २००३ मधील फिरत्या नर्तिकेच्या छायाकृतीत हाच संशय आहे. मौज अशी की नर्तिका पाहणाऱ्यास वाद घालण्यास प्रवृत्त करते, तर हा फलंदाज पाहणाऱ्यास आपल्याला प्रश्न पडावयास हवा होता हेही सहसा सुचत नाही.

रिकामी जागा मन आपल्या परिचयाने भरते. ही आकृती हार्मन किलब्रू ह्या उजव्या फलंदाजाची आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती; डिओर ह्यांनी ती नाकारली व कोणी एक खेळाडू समोर नव्हता असे सांगितले. नाव चिकटले की हातही ठरून जातो, हे येथे ध्यानात घ्यावे. वंशाचेही तसेच. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ह्यांच्या प्रवेशाने ज्या स्पर्धेतील वर्णभेदाची भिंत ढासळू लागली, तिच्या चिन्हातील हे मौन क्षुल्लक म्हणता येत नाही. आकृती पांढरी आहे खरी; परंतु ते पांढरेपण कागदाचे आहे, त्वचेचे नव्हे, असे निदान माझे तरी मत आहे.

ह्याच घडणीवर अ‍ॅलन सीगल ह्यांनी १९६९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे चिन्ह रचले. मात्र ते जेरी वेस्ट ह्यांच्या एका छायाचित्रावरून. संघटनेने अधिकृतपणे नाव घेतले नाही, तरी ते सर्वांस ठाऊक झाले. परिणामी २०२१ साली कायरी अर्विंग ह्या खेळाडूने वेस्ट ह्यांच्या जागी दिवंगत कोबी ब्रायंट ह्यांची आकृती यावी अशी जाहीर मागणी केली. बेसबॉलच्या फलंदाजाला हटविण्यासाठी आधी तो कोण हे ठरवावे लागेल.