खिशातील चाकूची पारख

शेतावर जाणाऱ्या माणसाजवळ विळा किंवा कोयता असतो, घरात विळी असते, पानाच्या डब्यात अडकित्ता असतो. या साऱ्यांची कामे ठरलेली आहेत. पण खताच्या पोत्याचे टाके उसवायचे, ठिबकची नळी कापायची, सुतळीची न सुटणारी गाठ तोडायची, पेरूच्या चार फोडी करायच्या, मुलाच्या पेन्सिलीला टोक काढायचे, अशी बारीकसारीक कामे दिवसातून दहा वेळा निघतात. बांधावर भाकरीबरोबरचा कांदा बुक्कीने फुटतो, त्याला हत्यार लागत नाही. पोत्याचे टाके मात्र बुक्कीने उसवत नाहीत. मग कोणी दातांनी सुतळी तोडतो, तर कोणी कोयत्याच्या टोकाने पोते उघडू जातो आणि निम्मे खत भुईवर सांडतो. या कामांसाठी मिटून खिशात राहणारा लहानसा चाकू हवा.

असा चाकू घ्यायला आपण बाजारात जातो, तेव्हा काय करतो? पाते उघडतो, धारेवर अंगठा टेकवून पाहतो, "वा, काय पाणी आहे!" म्हणतो आणि पैसे मोजतो. ही पारख अपुरी आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे. नवा चाकू बहुधा धारदारच असतो, आणि धार गेली तर ती पुन्हा लावता येते. मिटत्या चाकूचा खास धोका असतो तो त्याच्या सांध्यात, म्हणजे पाते जिथे मुठीला जोडलेले असते तिथे. म्हणून चाकू हाती घेतल्यावर पहिली नजर सांध्याकडे जावी.

हे नीट कळावे म्हणून उदाहरणादाखल मी एक चाकू निवडला आहे. तो फ्रान्स देशातला आहे, आणि त्याचे नाव ओपिनेल. परदेशी चाकूच घ्या, असे मला सुचवायचे नाही. याच्या अंगी लपवलेले असे काही नाही, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, म्हणून शिकायला तो सोयीचा.

फ्रान्सच्या आग्नेयेला, आल्प्स पर्वतात साव्हॉय नावाचा मुलूख आहे. गाई पाळाव्यात, चीज करावे, लाकूड तोडावे, अशी तिथली पूर्वापारची राहणी. तिथल्या एका डोंगरी वस्तीत ओपिनेल घराण्याची लोहारकी होती. आसपासच्या शेतकऱ्यांसाठी कुऱ्हाडी, कोयते घडवावेत, हा त्यांचा धंदा. या घरातल्या जोझेफ ओपिनेल या तरुणाने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, खिशात ठेवण्याजोगा एक साधा चाकू बनवला. शेजारीपाजारी, फेरीवाले, रेल्वेचे कामगार यांच्या हातून तो दूरवर गेला. १८९७ साली त्याचे १ ते १२ असे बारा आकार ठरले. पुढे १ आणि ११ हे क्रमांक बंद झाले. १९०९ पासून पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण येऊ लागली. त्यातला हात सँ-झाँ-द-मोरियेन या जवळच्या गावाच्या मुद्रेवरचा, आणि मुकुट साव्हॉयच्या जुन्या डचीचा. आता कारखाना शांबेरी शहराजवळ आहे, पण चाकूचे रूप फारसे बदललेले नाही.

सर्वांत जास्त चालतो तो ८ क्रमांकाचा. त्याचे पाते ८.५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीन इंचांहून थोडे अधिक. वजन ५० ग्रॅमच्या आत. प्रथम हातात घेतला की तो इतका हलका लागतो, की हा काय टिकणार, अशी शंका यावी. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. ती मध्ये थोडी फुगीर आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखी, त्यामुळे ओल्या हातातूनही सहसा निसटत नाही. या चाकूचे भाग मोजून पाच. पाते, मूठ, पाते ज्याच्याभोवती फिरते तो आडवा खिळा, मुठीच्या तोंडावरचे पक्के कडे, आणि त्यावर फिरणारे दुसरे कडे. चाकूची सारी कहाणी या दुसऱ्या कड्यात आहे.

आता जरा यंत्राची गोष्ट ऐका. आपल्या बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ चाकूंत मुठीच्या पाठीशी एक पोलादी पट्टी असते. ती स्प्रिंगचे काम करते. पाते उघडताना ती थोडी उचलली जाते आणि पुरते उघडले की खटकन खाली बसते. पाते आता पक्के झाले, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ते पक्के झालेले नसते, नुसते दाबून धरलेले असते. धार खाली ठेवून फळ कापता, तेव्हा फळाचा जोर पात्याला आणखी उघडायला पाहतो. तिथे मूठ आडवी येते, म्हणून भय नाही. पण टोकाने पोत्याला किंवा चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायला जाल, किंवा लाकडात रुतलेले पाते हिसकून मागे ओढाल, तर जोर उलट्या बाजूने येतो. पट्टीचा दाब त्याला पुरत नाही. पाते मिटते, आणि मिटताना धार येते ती थेट बोटांवर.

ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्या बोटाला ऐन सुगीत खोल जखम झाली, तर हाताशी आलेले काम जाते आणि त्याबरोबर मजुरीही. जखम धुळीची, शेणामातीची असेल तर धनुर्वाताची धास्ती वेगळीच. म्हणून सांध्याचा प्रश्न मी एवढा लावून धरतो आहे.

ओपिनेल चाकूलाही पहिली पासष्ट वर्षे काही कुलूप नव्हते. लाकडाच्या आणि लोखंडाच्या घट्टपणावर पाते उभे राही. १९५५ साली जोझेफचा मुलगा मार्सेल ओपिनेल याने ते फिरते कडे बसवले. त्याला व्हिरोब्लोक म्हणतात. व्हिरोल म्हणजे फ्रेंच भाषेत मुठीच्या टोकाचे कडे. या कड्याला एके ठिकाणी फट ठेवलेली आहे. फट पात्यासमोर असली की पाते मोकळे फिरते. पाते उघडून कडे थोडे वळवले की फट बाजूला जाते, कड्याची भिंत पात्याच्या बुडाशी आडवी येते, आणि पात्याला मिटायला वाटच उरत नाही. दाराला अडसर घालावा, तसेच हे. २००० सालापासून मिटलेल्या पात्यालाही हे कडे अडवून धरते, त्यामुळे खिशात चाकू आपोआप उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर अगदी सोपे आहे. सोपे आहे खरेच. पण अडसर घालणारा माणूस जागा हवा. कडे फिरवायला विसरला, तर हा चाकूही कुलूप नसलेल्या चाकूसारखाच. तेव्हा उघडले की कडे वळवायचे, आणि मिटवायच्या आधी ते मागे आणायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून हाताला लावावी.

आता कोणताही मिटता चाकू घेताना काय काय पाहायचे, ते क्रमाने सांगतो. पहिले, तो मिटलेला असताना वरून पाहा. पाते खाचेच्या मधोमध बसले आहे ना? एका बाजूला घासत असेल, तर सांधा वाकडा आहे. दुसरे, नखाच्या खाचेत नख घालून सावकाश उघडा. फार सैल नको आणि नख मोडेल इतका घट्टही नको. तिसरे, उघडलेले पाते चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा. खडखड झाली तर चाकू परत ठेवा, कारण तो खुळखुळा वापराने वाढतच जाणार. चौथे, कुलूप असेल तर ते लावा, मूठ दोन्ही बाजूंनी धरून बोटे खाचेपासून दूर ठेवा, आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच दाबा. पाते जागचे हलता कामा नये. पाचवे, मूठ आवळून धरा. कुठे टोचत असेल, तर तासाभराच्या कामात तिथे फोड येणार. धार पाहायची ती यानंतर, आणि तीही अंगठ्याने पाहू नका. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून पाहा.

पात्याचे पोलाद दोन प्रकारचे मिळते. एक साधे कार्बनचे. ओपिनेलच्या अशा पात्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो. आपला लोहार पोलाद तापवून त्याला पाणी देतो, तेव्हा ते कडक होते ते या कार्बनमुळे. मग त्याला पुन्हा बेताची आंच देऊन ठिसूळपणा घालवतात. असे पाते दगडावर चटकन धार घेते. पण कैरी, लिंबू, कांदा चिरला की काळे पडते, आणि ओले राहिले तर गंजते. काळे पडणे हा दोष समजू नये, वापरातल्या पात्याचा तो रंगच आहे. तांबडा गंज मात्र वेळीच पुसायला हवा. दुसरे पोलाद न गंजणारे. त्यात क्रोमियम मिसळलेले असते. हवेशी संयोग होऊन त्याचा अगदी पातळ थर पात्यावर बसतो आणि गंजाला अटकाव करतो. कोकणासारख्या दमट हवेत, किंवा ज्यांना पुसापुशीचा कंटाळा आहे त्यांना, हेच बरे.

धार लावायला मोठी सामग्री लागत नाही. बारीक कणांचा सपाट दगड आणि थोडे पाणी पुरे. पाते दगडाशी सुमारे २० अंशांचा कोन करून धरायचे. हा कोन कसा ओळखायचा? शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हे जरूर करून दाखवावे. कागदाचा काटकोनी कोपरा घ्या आणि कडेवर कड आणून दुमडा, ४५ अंश झाले. पुन्हा तसेच दुमडा, साडेबावीस झाले. त्याहून किंचित कमी, तो आपला कोन. भूमितीचा धडा असा हाताला कळला, की सहसा विसरत नाही. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक खरखर लागू लागते. ती लागली की पाते उलटावे. शेवटी दोन्ही बाजूंनी हलके हात फिरवून ती खरखर काढून टाकावी.

लाकडी मुठीचा एक स्वभाव सांगायला हवा. पावसाळ्यात आपले दार चौकटीत अडकते ना, तेच इथे होते. लाकूड पाणी पिऊन फुगते, खाच आवळते आणि पाते निघता निघत नाही. साव्हॉयच्या लोकांची यावर एक जुनी युक्ती आहे. मिटलेल्या चाकूचे कडे मोकळे करून मुठीचे शेपूट लाकडावर ठोकायचे. दणक्याने पाते थोडे वर येते, मग ते बोटांनी धरून उघडता येते. पण मुळात चाकू पाण्यात भिजत ठेवूच नये. धुतला की पुसावा, सावलीत वाळवावा आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. भाजी-भाकरीलाही तोच चाकू लागणार, म्हणून तेल खाण्याचे असावे.

याच्या मर्यादाही पाहा. तो उघडायला दोन हात लागतात. ज्याच्या एका हातात कासरा आहे, त्याची तिथे अडचण होते. पाते पातळ आहे, त्यामुळे फळ सुरेख कापते, पण डब्याचे झाकण उचकटायला गेलात तर टोक मोडेल. नारळाला कोयता आणि झाकणाला चमचा, हा न्याय सोडू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या घरच्या सवयीची. आपला हात विळीवर तयार झालेला आहे. विळीचे पाते स्थिर असते, आपण वस्तू पात्याकडे नेतो. चाकूत वस्तू स्थिर आणि पाते फिरते. म्हणून पाते सुटले तर कुठे जाईल, हे कापण्याआधी पाहायचे. त्या वाटेत आपली मांडी, दुसरा हात किंवा शेजारी बसलेले मूल असता कामा नये. मुलांना शिकवायचे तर मोठ्या माणसाच्या नजरेखाली, बसवून आणि एका वेळी एकालाच. या कारखान्याचा मुलांसाठी गोल टोकाचा चाकूही मिळतो. चाकू दुसऱ्याच्या हाती द्यायचा तो मिटूनच. शाळेत चाकू शिक्षकापाशी राहावा, दप्तरात नको.

चाकू म्हटले की काहींना सिनेमातला रामपुरी आठवतो. कायद्याचेही भान हवे. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा विचार केलेला आहे, आणि घरकामाची, शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. आपला लहान चाकू त्या मापात येत नाही. तरीही विमानात तो जवळच्या सामानात नेता येत नाही, आणि सभा, मिरवणूक, जत्रा अशा गर्दीत तो घरी ठेवलेलाच बरा.

तेव्हा पुढच्या बाजारी चाकू घ्याल, तेव्हा दुकानदार धार दाखवील, चकाकी दाखवील. ती पाहा, पण आधी पाते चिमटीत धरून हलवून पाहा आणि पाठीवर दाबून पाहा. दुकानात या दोन गोष्टींना मिनिटभरही लागत नाही, आणि त्याच चाकूने तुमची बोटे पुढे कित्येक वर्षे काम करणार असतात.