परवाना परदेशी, आकाश देशी

अमेरिकेत विमान चालवायला शिकून, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेऊन परतलेल्या तरुणाला घरचे ‘पायलट’ म्हणू लागतात. मात्र त्या परवान्यावर त्याला भारतीय नोंदणीच्या विमानात नोकरी करता येत नाही. आधी परवान्याचे रूपांतर करावे लागते. उड्डाण-प्रशिक्षक व्हायचे असेल, तर त्यानंतर आणखी एक टप्पा उरतो.

ही निव्वळ सरकारी आडकाठी आहे का? तासांच्या हिशेबाने तसे वाटू शकते. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, अमेरिकेत सर्वसाधारण मार्गाने २५०. अधिक तास उडालेल्याने पुन्हा परीक्षा का द्यावी?

याचे कायदेशीर उत्तर ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या शिकागो करारात आहे. विमान ज्या देशात नोंदलेले असेल, त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य धरलेला परवाना वैमानिकाकडे हवा, असे त्याचे ३२ वे कलम सांगते. आपल्याच नागरिकाला परक्या देशाने दिलेला परवाना स्वतःच्या हद्दीतील उड्डाणासाठी अमान्य करण्याचा हक्कही त्यात प्रत्येक देशाने राखून ठेवला आहे. त्यानुसार आपले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परदेशी परवान्याची खातरजमा, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष उड्डाणचाचणी मागते. लेखी परीक्षेत ७० टक्के गुण लागतात. रेडिओ संभाषणाचा परवाना वेगळा. पूर्वी तो दूरसंचार खात्याकडे असे; भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ मुळे तोही महासंचालनालयाकडे आला.

कायद्यामागे व्यवहारही आहे. अमेरिकेत उंचीमापकासाठी हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जमिनीजवळ सुमारे ३० फुटांचा फरक. अमेरिकेत १८,००० फुटांवर सर्वत्र एकच प्रमाण दाब लावतात. भारतात ही बदलाची उंची विमानतळागणिक वेगळी असते. तिथे नजरेच्या आधाराने रात्रीही उडता येते. इथे सूर्यास्तानंतर अशा उड्डाणाला, प्रशिक्षणासारखे अपवाद वगळता, मुभा नाही. तिथे अंगवळणी पडलेली सवय इथे चूक ठरू शकते; म्हणूनच नियमांचा पेपर अनुभवी वैमानिकालाही चुकत नाही.

प्रशिक्षक होताना तर अंगातली कसबही उलटी करावी लागते. वैमानिक डावीकडे बसतो, प्रशिक्षक उजवीकडे. सेसना १७२ सारख्या विमानात आजवर डाव्या हातात असलेले सुकाणू उजव्या हातात येते आणि इंजिनाची शक्ती डाव्या हाताने सांभाळावी लागते. मुख्य उपकरणे समोर नसतात, ती तिरपी दिसतात. शिवाय विमान चालवता चालवता प्रत्येक कृती, ती होत असतानाच, शब्दांत सांगायची. सर्वांत अवघड म्हणजे थांबणे. विद्यार्थ्याचे उतरणे बिघडताना लगेच हात घातला तर तो शिकत नाही. उशिरा घातला तर धावपट्टी वाट पाहत नाही.

म्हणून पहिले मानांकन साहाय्यक प्रशिक्षकाचे मिळते. तो वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतो. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने उडू देण्याचा निर्णय वरिष्ठाचा असतो.

खरा प्रश्न यापुढे आहे. १९२८ साली जुहूला सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आज धुळ्यात उड्डाण शिकवतो. बारामती आणि गोंदियातही प्रशिक्षण चालते. अशा ठिकाणी शिकवायला येणारे अनेक तरुण या कामाकडे विमान कंपनीच्या नोकरीआधीचा मुक्काम म्हणून पाहतात. कर्ज काढून परदेशी शिकलेल्याने तसे पाहिले, तर त्याला दोष देता येत नाही. पण थांबायचे किती, हे ज्याला नुकतेच उमगू लागले, तोच निघून जातो आणि विद्यार्थ्याशेजारी पुन्हा नवखा बसतो. परवान्याचे रूपांतर नियमांनी होते. वैमानिकाचा शिक्षक व्हायला त्या उजव्या खुर्चीत काही वर्षे काढावी लागतात. ती काढणे परवडेल, अशी सोय मात्र अजून करायची आहे.