रताळ्याच्या पाल्याची परीक्षा

पावसाळा आला की फिलिपाइन्समध्ये डेंग्यू डोके वर काढतो आणि अनेक घरांत रताळ्याचा पाला उकळू लागतो. रताळ्याला तिथे ‘कामोते’ म्हणतात. वेलीचे कोवळे शेंडे उकळून गाळलेले पाणी तापाने फणफणलेल्या मुलाला पाजले की रक्तातल्या प्लेटलेट्स वाढतात, अशी तिथल्या पुष्कळ लोकांची समजूत आहे. शेंडे जांभळट असले तर त्या पाण्यात लिंबाचा रस पडताच ते लालबुंद होते. रक्तासारख्या दिसणाऱ्या पाण्याने रक्त वाढते, असे वाटणे मोठे स्वाभाविक आहे!

आपल्याकडे एकादशीला रताळ्याचा कीस होतो आणि पाला गुरांपुढे पडतो. तैवानातही एके काळी तो डुकरांचे खाद्य होता. आज तिथे लसूण घालून परतलेली हीच भाजी हॉटेलांतून आवडीने खातात. जपानच्या क्यूशू बेटावर तर खास पाल्यासाठी ‘सुइओ’ नावाचे वाण तयार केले आहे.

भाजी म्हणून पाला उत्तम, यात वाद नाही. पण औषध म्हणून?

प्रयोगशाळेत पहिली परीक्षा सोपी असते. पाने वाळवून, दळून पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये त्यांचा अर्क काढतात आणि तो एका गडद जांभळ्या रसायनात मिसळतात. जांभळा रंग फिका पडून पिवळट झाला की अर्कात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये आहेत, असे समजायचे. या परीक्षेत रताळ्याचा पाला चांगल्या गुणांनी पास होतो. त्यात कॉफीच्या बियांतही असणारे क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याची भावंडे भरपूर असतात. पुढची पायरी उंदरांची. मधुमेही उंदरांना अर्क दिल्यावर त्यांची रक्तशर्करा उतरल्याचे प्रयोगांत दिसले आहे. मात्र परीक्षानळी आणि उंदीर यांच्यापुढे माणूस असतो, आणि बहुतेक वनस्पतींची गाडी तिथेच अडते.

खुद्द रताळ्याचे उदाहरण पाहा. पांढऱ्या सालीच्या रताळ्यापासून केलेल्या औषधाच्या टाइप २ मधुमेहींवर चाचण्या झाल्या. २०१३ साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा तीनच चाचण्या निकषांत बसल्या. त्यांत रुग्ण होते अवघे १४०. मधुमेहावर रताळे द्यावे, असे म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळाला नाही. शिवाय ही गोष्ट कंदाची, पाल्याची नव्हे. एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाहीत.

डेंग्यूत तर परीक्षा आणखी अवघड. या तापात प्लेटलेट्स आधी घसरतात आणि पुढे बहुतेक रुग्णांत आपोआप चढू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत काढा पाजला तर श्रेय काढ्याला जाते. म्हणूनच खऱ्या चाचणीत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात; एकाला अर्क, दुसऱ्याला तसेच दिसणारे निरुपद्रवी पेय. दोन्ही गटांत प्लेटलेट्स सारख्याच चढल्या तर काढ्याचे काय काम?

धोका आहे तो वेळेचा. डेंग्यूचा ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि काही रुग्णांची प्रकृती नेमकी तेव्हाच ढासळते. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर काढा बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

पाला चुलीवर चढवण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ही भाजी एकदम वाढवू नये. आणि पाला लावलेल्या रताळ्याच्या वेलीचाच असावा. ओढ्याकाठी माजणारे, जांभळट-गुलाबी फुलांचे बेशरम हे रताळ्याच्याच कुळातले. त्याची पानेही हृदयाच्या आकाराची असतात, पण ती विषारी आहेत आणि खाणाऱ्या शेळ्यांना त्यांची बाधा होते.