घरच्या हळदीचे दूध

हळद हे सांगली, हिंगोली व नांदेड भागांतील महत्त्वाचे नगदी पीक आहे. परंतु सर्व हळकुंडे बाजारात पाठवून घरासाठी सुटी, भडक पिवळी पूड विकत आणणे हितावह नाही. हळकुंडांस चकाकी यावी म्हणून शिसेयुक्त पिवळा रंग (लेड क्रोमेट) लावल्याची उदाहरणे भारतात व बांगलादेशात आढळली आहेत. शिसे शरीरात साठते व मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. दूध उकळल्याने ते नाहीसे होत नाही. यास्तव वर्षाच्या बेगमीची हळकुंडे राखून ती घरीच दळावीत.

कृती : एक पेला (200 मिली) दुधात पाव चमचा हळद, 2 कुटलेले मिरे व चिमूटभर सुंठ घालावी. उकळी आल्यावर मंद आचेवर 5 मिनिटे ढवळावे, म्हणजे हळदीचा उग्र वास जातो. गूळ भांडे उतरवून थोडे निवल्यावर घालावा, अन्यथा दूध फाटण्याचा संभव असतो. साय काढू नये. हळदीतील कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. मिऱ्यामुळे ते शरीरात अधिक शोषले जाते.

हे दूध घशास आराम देते, परंतु ते औषध नव्हे. ताप वा खोकला लांबल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. एक वर्षाखालील बालकांस हे दूध देऊ नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी हळद उत्पादकांस आवर्जून सांगावे की, हळकुंडे ढोलात घासताना रंग न वापरता हळदीचीच पूड वापरावी. जे आपल्या मुलांस देववणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलांसाठी विकू नये.