टिचकी, तबला आणि बंद डबा

उन्हाळ्यात माठ घेताना आपण आधी टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. न फोडता आतलं ओळखायची ही युक्ती शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात तबल्यावर चालली होती.

बहुबाजार स्ट्रीटवरच्या, १८७६ साली स्थापन झालेल्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन तेव्हा वाद्यांमागे लागले होते. साध्या ताणलेल्या गोल पडद्याच्या कंपनांची प्रमाणं १, १.५९, २.१४ अशी विस्कळीत असतात, म्हणून त्यातून स्पष्ट सूर निघत नाही. तबल्याच्या पुडीवरची शाई मधला भाग जड करते आणि हीच प्रमाणं पूर्णांकांजवळ येऊन बसतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. शाईची जाडी पिढ्यान्‌पिढ्या कानानेच ठरवणाऱ्या कारागिरांना ते अर्थात आधीच साधलं होतं.

ही संस्था आता जादवपूरला आहे, अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या विद्यापीठाच्या शेजारी. सर्किट न उघडता आतलं ओळखायला अभियांत्रिकीचे विद्यार्थी टिचकीऐवजी साइन लहर वापरतात. सर्किट रेषीय असेल तर आत गेलेल्या वारंवारतेचीच लहर बाहेर येते. बदलते फक्त तिची उंची आणि ती किती मागे पडते ते, म्हणजे फेज. एक किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडा आणि कपॅसिटरवरची लहर पाहा. साधारण १५९२ हर्ट्झला उंची ०.७०७ पट होते, फेज ४५ अंश मागे. त्याच्या बरंच पुढे वारंवारता दर वेळी दहापट केली की उंची दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे २० डेसिबल खाली.

पण हे आकडे प्रयोगशाळेच्या मॅन्युअलमध्ये छापलेलेच असतात, आणि आलेख तसा ‘आणला’ जातो! माझ्या मते मुलांच्या हाती, आत कोणतं सर्किट आहे याची चिठ्ठी नसलेला बंद डबाच द्यावा. मग उंचीचा आलेख काढून हात झटकता येत नाहीत. कारण आत निव्वळ विलंब असेल तर तो उंचीला धक्काही लावत नाही, फेज मात्र घसरत राहते.

समजा, एक गट म्हणाला, आत एक कपॅसिटर आणि थोडा विलंब आहे; दुसरा म्हणाला, दोन कपॅसिटर. मोजलेल्या पट्ट्यात दोघांचीही गणितं जुळतात. मग जनरेटरची वारंवारता बरीच वर न्यायची. तिथे पहिल्यांचा उतार २० डेसिबलचाच राहील, दुसऱ्यांचा ४० होईल.