आशेची मशागत

‘आशावादी’ हा शब्द आपल्या सुशिक्षित घरांतून अलीकडे किंचित् थट्टेनेंच उच्चारला जातो, आणि त्याला कारणहि आहे. मुलाला नोकरी मिळत नाहीं, घरांत दीर्घ आजारपण आहे, आणि कोणी स्नेही येऊन पाठीवर हात ठेवून सांगतात, “सारें ठीक होईल.” सांगणाऱ्याचा हेतु चांगला असतो ह्यांत शंका नाहीं. परंतु ऐकणाऱ्याच्या पदरांत त्यानें काय पडतें? श्रोतेहो, आज मी आशेची एक निराळी जात आपणांपुढें ठेवणार आहें. ती पुस्तकांतहि आहे. पण तासगांवच्या द्राक्षबागांत ती मला अधिक स्पष्ट दिसते.

तासगांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें, आतां तें सांगली जिल्ह्यांत आहे. पटवर्धनांनीं बांधलेलें गणपतीचें देऊळ आणि त्याचें उंच गोपुर ह्यांसाठीं गांवाचें नांव दूरवर ठाऊक आहे. गांवाबाहेर पडलें कीं द्राक्षांचे मांडव लागतात. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक; अशा मुलखांत इतकें नाजूक पीक घ्यावें हेंच मुळीं धाडस.

द्राक्षवेलीची छाटणी तेथें वर्षांतून दोनदां होते. ऑक्टोबरच्या सुमारास होते ती फळछाटणी. तिच्यानंतर घड दिसूं लागतात आणि चार-साडेचार महिन्यांनीं माल हातीं येतो. साहजिकच, बाहेरच्या माणसाला हीच छाटणी महत्त्वाची वाटते. खरी मेख मात्र एप्रिलांतल्या छाटणींत आहे. तिला खरडछाटणी म्हणतात. माल उतरलेला असतो, ऊन भाजून काढीत असतें, विहिरींनीं तळ गांठलेला असतो. आणि नेमका अशा वेळीं बागायतदार सगळ्या काड्या एक-दोन डोळे राखून खरडून काढतो. बागेकडे पाहवत नाहीं. मग नवी फूट येते, आणि त्या नव्या काडीवरील डोळ्यांच्या आंत, साधारण दोन महिन्यांच्या अवधींत, पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपानें तयार होतात. बाहेरून दिसतात तीं केवळ पानें. त्या दिवसांत पाणी तुटलें किंवा काडीला पुरेसें ऊन मिळालें नाहीं, तर ऑक्टोबरांत कितीहि खटपट केली तरी डोळ्यांतून घडाऐवजीं नुसती बाळी निघते. फेब्रुवारींतली गोडी आदल्या उन्हाळ्यांतच ठरलेली असते.

ह्यावर कोणी म्हणेल कीं ही अंधश्रद्धाच झाली. दिसत नाहीं त्यावर भरंवसा ठेवावयाचा! तसें नाहीं. फळछाटणीपूर्वीं जाणता बागायतदार कांहीं काड्या तोडून प्रयोगशाळेंत देतो. सूक्ष्मदर्शकाखालीं डोळा चिरून पाहिला म्हणजे कितव्या डोळ्यांत घड आहे तें कळतें, आणि काडी कोठें कापावयाची हें त्यावरून ठरतें. आशा आणि तपासणी ह्यांचें वैर आहे असें आपण उगीच समजतों. “मला कांहीं झालेलें नाहीं” असें म्हणून डॉक्टरांना चुकविणारा मनुष्य आशावादी नव्हे. तो भ्यालेला असतो.

चार्ल्स स्नायडर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९९१ सालीं आशेची जी उपपत्ति मांडली, तिच्यांत दोन अंगें सांगितलीं आहेत: साध्याकडे चालत राहण्याची इच्छाशक्ति, आणि तेथवर जाण्याच्या वाटा शोधण्याची कुवत. त्याच वर्षीं गाब्रिएले ओटिंगन आणि थॉमस वॉडन ह्यांनीं वजन कमी करूं पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हें साधेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचें वजन अधिक घटलें. पण यशाचीं गोड चित्रें मनांत रंगवीत बसणाऱ्यांचें कमी घटलें. मनोराज्यांतच सुखाची चव मिळाली म्हणजे हातपाय सैल पडतात, असें दिसतें.

वाटा शोधणें म्हणजे काय, हेंहि तासगांवांत पाहतां येतें. ताजें द्राक्ष टिकत नाहीं. व्यापाऱ्यानें भाव पाडला तर शेतकऱ्याला थांबतां येत नाहीं. म्हणून बेदाणा. घड पोटॅशियम कार्बोनेट व तेल ह्यांच्या द्रावणांत बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. दोनएक आठवड्यांत ते सुकतात. सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहांत ठेवावा आणि भाव पाहून सौद्याला काढावा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. अर्थात् मार्चांतला अवकाळी पाऊस जाळ्यांवरच्या मालालाहि काळा पाडतो. दुसरी वाट असली म्हणजे ती बिनखड्ड्यांची असते असें नव्हे. ह्याच तालुक्यांतील बोरगांवच्या वसंतराव आर्वे ह्यांनीं थॉम्सन सीडलेस जातींतून निवड करून ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढें आणली. वेगळी दिसते म्हणून वेल उपटून टाकणारी नजर निराळी, आणि वेगळेपणांत कांहीं चांगलें आहे काय हें पाहणारी निराळी.

पण येथें थोडें थांबलें पाहिजे. ज्याच्या विहिरींत पाणी नाहीं आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याला आशावादाचें व्याख्यान देणें ही एक प्रकारची निर्दयता आहे. म्हैसाळ, टेंभू, ताकारी ह्या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागाकडे चढविलें. त्या पाण्यानें जी उमेद दिली ती शंभर उपदेशांनीं दिली नसती. मन खोल खचलेल्या माणसालाहि आधीं वैद्य हवा, सुभाषितें नकोत.

शहरांतल्या घरांत द्राक्षवेल नसते, पण एप्रिल असतो. परीक्षेंत नापास झालेला मुलगा पुन्हां पहिल्या धड्यापासून बसतो, तो त्याचा एप्रिल. त्याला रोज “आतां तरी जमेल ना?” असें विचारण्यांत कांहीं अर्थ नाहीं, आज कोणता धडा झाला आणि कोठें अडलें, एवढें विचारावें. पक्षाघातानंतर घरीं आलेल्या वडिलांना बोटांचे व्यायाम सांगितलेले असतात. कित्येक आठवडे कांहींच फरक दिसत नाहीं, आणि घरचीं माणसें सकाळ-संध्याकाळ “कांहीं हालचाल वाटते का?” म्हणून विचारून त्यांना रडवेलें करतात. तें विचारणें सोडावें. व्यायामाची वेळ झाली कीं खुर्ची जवळ ओढून बसावें, आपल्याहि हाताचीं बोटें त्यांच्याबरोबर मिटावीं-उघडावीं, आणि किती वेळां झालें तें कॅलेंडरवर मांडून ठेवावें.